मदत हवी आहे : मानसशास्त्रात एम.ए.ची तयारी

नमस्कार मंडळी, मी सांगलीची, टी.वाय.बी.ए. मानसशास्त्र, मराठी माध्यम. सीयूईटी पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा देऊन एम.ए.ला प्रवेश घ्यायचा आहे. पहिली पसंती मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), म्हणजे या परीक्षेनंतरच्या त्यांच्या पुढच्या फेरीचीही तयारी आलीच.

खरी अडचण भाषेची. पेपर इंग्रजी-हिंदीत, आणि मी तीन वर्षं 'अभिसंधान' (कंडिशनिंग), 'प्रबलन' (रीइन्फोर्समेंट), 'प्रमाण विचलन' (स्टँडर्ड डेव्हिएशन) असं शिकले. पावलॉव्हचा घंटेला लाळ गाळणारा कुत्रा मला मराठीत तोंडपाठ आहे, पण प्रश्न इंग्रजीत आला की 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट' (नकोसं काही काढून घेऊन वर्तन वाढवणं) म्हणजे शिक्षा समजून मोकळी होते! सरावात हीच चूक तीनदा केली. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं की १ वजा, त्यामुळे अंदाजाने ठोकायचीही भीती वाटते. संख्याशास्त्राचं तर विचारूच नका. टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना) कळते, अनोव्हाला (दोनपेक्षा जास्त गटांच्या सरासरींची तुलना) गाडी अडते.

मराठीतून इंग्रजीकडे वळलेलं कुणी आहे का? संज्ञांची जोडयादी केलीत, की सरळ इंग्रजी पुस्तकालाच भिडलात?

दुसरं, पुढे क्लिनिकलमध्ये (मानसिक आजारांचं निदान आणि उपचार) जायचंय. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती साध्या एम.ए.वर होत नाही, एवढं माहीत आहे. या नोंदणीसाठी चालणाऱ्या क्लिनिकलच्या एम.फिल.च्या प्रवेशांना यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती. मग आता आधी साधं एम.ए. करावं, की परिषदेची मान्यता असलेल्या क्लिनिकलच्या अभ्यासक्रमालाच थेट अर्ज करावा? घरी बाबा म्हणतात, "बी.एड. कर, सोपं पडेल." त्यांना काय सांगू, तेही सुचवा.