एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) पाण्यातली औषधं उन्हाने जातात का?

मांडवीकाठी: आमच्या कॉलनीत एसटीपीचं पाणी बागेला घालतात, स्वच्छ दिसतं पण डायक्लोफेनॅक वगैरे औषधांचे अंश राहतातच म्हणे. टायटॅनियम डायऑक्साइड (प्रकाशात रसायनं तोडणारी पावडर) टाकून उन्हात ठेवलं तर? गोव्यात ऊन काय कमी आहे!

फोंडेकर: जातात, पण उन्हावर भुलू नका. साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला ३८७ नॅनोमीटरच्या खालचं यूव्ही लागतं, ते उन्हात जेमतेम ४-५ टक्के, आणि पावसाळ्यात आपलं आभाळ कसं असतं ते सांगायला नको. प्रकाश पडला की हायड्रॉक्सिल रॅडिकल (चटकन कशाशीही भिडणारे कण) तयार होतात, ते औषधाचा रेणू तोडतात, पण पाण्यातलं बायकार्बोनेट, सेंद्रिय घाण सगळ्यावरच खर्च होतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये मस्त चालतं नि खऱ्या सांडपाण्यात रडतं.

लॅबवाली_मडगाव: शिवाय पावडर परत गाळणार कोण? काचेच्या मण्यांवर थर देतात, पण मग वेग पडतो. आणि मूळ औषध दिसेनासं झालं म्हणजे संपलं नाही हां, मधले तुकडे कधीकधी जास्त विषारी निघतात, टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) पण मोजा.

मांडवीकाठी: दृश्य प्रकाशावर चालणारं काही नाही का?

फोंडेकर: आहे की, ग्रॅफिटिक कार्बन नायट्राइड, साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेतं. पण कॉलनीसाठी आजच काही करायचं तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर बघा.