विषय: गेमिंग पीसीला स्पीकर हवेत, पैसे मात्र ग्राफिक्स कार्डात गेले

नमस्कार मंडळी,

मुलाने सुट्टीभर खपून स्वतःच्या हाताने गेमिंग पीसी जोडला. सगळा निधी ग्राफिक्स कार्डाने गिळला आणि आवाजाची भिस्त मॉनिटरच्या पाठीतल्या दोन बटणाएवढ्या स्पीकरांवर आली. बंदूक झाडली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. हेडफोन आहे, पण तो चढवला की चिरंजीव घरात असून नसल्यासारखे. चार हाका मारून मीच दमते, म्हणून स्पीकर घ्यायचं ठरलंय.

त्याने एक "१००० वॉट"चा सेट शोधलाय. पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर (बासचा मोठा स्पीकर), आणि चक्क आमच्या बजेटमध्ये बसतोय. मला हे जरा संशयास्पद वाटतंय. कोणी जाणकार सांगेल का?

-----

ताई, ब्लूटूथ साउंडबार घेऊन टाका. वायरची कटकट नाही. आमच्या टीव्हीला आहे, झकास वाजतो.

-----

> ब्लूटूथ साउंडबार घेऊन टाका

टीव्हीला चालेल, गेमला नको. साध्या ब्लूटूथला आवाज पोचवायला सहज १५० मिलिसेकंद लागतात. सिनेमात टीव्ही चित्र तेवढं मागे खेचून जुळवून घेतो, पण गेममध्ये चित्र कोणासाठी थांबणार? ६० फ्रेमच्या हिशेबाने आवाज नऊ फ्रेम मागे राहतो. पोरगं आधी मरेल आणि मग त्याला गोळी ऐकू येईल.

आता ताईंचा प्रश्न. मंडळाच्या कार्यक्रमांत आवाजाचा मिक्सर इतकी वर्षं सांभाळतोय, त्यामुळे थोडं लांबण लावणार. कंटाळा आला तर पुढची मेल उघडा.

ते १००० वॉट म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. असल्या खोक्यांवर बहुतेक वेळा "पीएमपीओ" छापलेलं असतं, म्हणजे क्षणभराच्या कल्पित दणक्याचा आकडा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या खऱ्या ताकदीचा आकडा. खरी गंमत म्हणजे टेबलावर वॉट लागतातच किती? स्पीकरच्या कागदावर "८६ डेसिबल, १ वॉट, १ मीटर" असं काहीतरी असतं, ती त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटला एक मीटरवरून तो किती मोठ्याने ऐकू येतो. मुलगा बसणार ७० सेंटिमीटरवर, म्हणजे तीन डेसिबल वाढले. स्पीकर दोन, म्हणजे आणखी तीन. एकेका वॉटवर ९२ डेसिबल झाले! बराच वेळ खेळायचं तर सरासरी ७५ डेसिबल पुष्कळ, आणि त्याला वॉटचा पन्नासावा भाग पुरतो. स्फोटाचा दणका सरासरीच्या २० डेसिबल वर गेला असं धरलं तरी दोन वॉट. बाकीचे सगळे काय शेजाऱ्यांसाठी?

म्हणून माझं मत सरळ आहे: अँप (अँप्लिफायर) छोटा घ्या आणि वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. पाच स्पीकरांतही नाही, दोनच स्पीकरांत. एवढ्याशा पैशाचे सहा तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्याला प्लॅस्टिकचं खोकं आणि कागदाचा कोन येतो. शिवाय मागचे दोन ठेवणार कुठे? खुर्चीमागे बहुतेकांकडे पलंग असतो नाहीतर दार.

अँप आत असलेले स्पीकर घ्यायचे की वेगळा अँप? नवंच घ्यायचं असेल तर ॲक्टिव्ह, म्हणजे अँप आतच असलेली, जोडी घ्या, झंझट नको. जुने पॅसिव्ह (आत अँप नसलेले), फळीवर मावणारे बुकशेल्फ स्पीकर मिळत असतील तर मात्र त्याच पैशात बराच वरचा आवाज पदरात पडतो, आणि उद्या अँप गेला तरी स्पीकर राहतात. त्यांना क्लास-डी जातीचा (कमी तापणारा, म्हणून छोटा) तळहाताएवढा अँप पुरे. अशा पुष्कळ अँपमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप असते. जाहिरातीत "५० + ५० वॉट" दिसेल. ते ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) स्पीकरला, २१ व्होल्टवर आणि आवाजात १० टक्के विकृती चालवून घेतली तर. ८ ओहमला सोबतच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर फार तर ९ वॉट निघतात. १९ व्होल्टच्या जुन्या लॅपटॉप चार्जरवर २२ पर्यंत जातात. वरचा हिशेब पाहिलात तर ९ सुद्धा पुरतात, पण असा चार्जर ड्रॉवरमध्ये पडलेला असेल तर वापरा. पिन बसते का आणि अँपला १९ व्होल्ट चालतात का, हे आधी बघा.

एक सावधगिरी. या अँपमधून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही काळ्या वायरी एकत्र जोडायच्या नाहीत, की कशाच्या ग्राउंडलाही लावायच्या नाहीत. जुन्या अँपमध्ये ते खपून जायचं, यात चिप जाते.

आणि गेमच्या सेटिंगमध्ये "स्टीरिओ स्पीकर" निवडायला सांगा. तिथे "हेडफोन" राहिलं तर गेम कानासाठी केलेली प्रक्रिया स्पीकरवर पाठवतो आणि दिशा धूसर होतात. मागून येणारी पावलं मात्र दोन स्पीकरांवर हेडफोनइतकी कळणार नाहीत, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

-----

काका, हे वाचून आमच्या तळघरातले आठवले. दोन लाकडी बुकशेल्फ आहेत, मागे "८ ओहम" लिहिलंय. दहा-बारा वर्षं वाजवलेले नाहीत. ताईंनी नेले तर आमच्या सौ. तुमचे आभार मानतील. सोबतचा अँपही आहे, पण तो आधीच्या देशातून आणलेला, त्याचं व्होल्टेज वेगळं आहे.

-----

अँप राहू द्या तिथेच. तो चालवायला बोजड ट्रान्सफॉर्मर आणण्यात काही राम नाही.

स्पीकर नेण्याआधी जाळी काढून वूफरची कड बघा. रबराची असेल तर चांगलं. फोमची असेल तर बोट लावल्यावर भुगा होईल, एवढ्या वर्षांत फोम सडतोच. मग कड बदलण्याचं किट आणावं लागतं. ते चिकटवायला निवांत दुपार हवी. कोन चारी बाजूंनी सारखा दाब देऊन हलकेच आत ढकला, खरखर आली तर कॉइल घासतेय, सोडून द्या. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. दोन्ही वूफर बाहेरच्या बाजूला उडाले पाहिजेत. एक आत गेला तर त्याच्या वायरी कोणीतरी उलट जोडल्यात, आणि तसे वाजवले तर बास गायब होतो.

वायर साधी तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची. दोन मीटरला याहून भारी काही लागत नाही, दुकानदार काहीही सांगो.

-----

काका, दादा, दोघांचे आभार! कडा रबराच्या निघाल्या. स्पीकर बसले आणि पहिल्याच स्फोटाला मी स्वयंपाकघरातून पळत आले. पण एक अडचण आहे. गेम सुरू झाला की बारीक किर्रर्र असा आवाज येतो. माउस हलवला की त्याचा सूर बदलतो. गेम बंद केला की जवळजवळ नाहीसा होतो. अँप खराब आहे का?

-----

ताई, अँप बहुधा निर्दोष आहे, तो ग्राउंड लूप असणार. अँपला लावलेल्या चार्जरची पिन तीन दांड्यांची आहे ना? पीसीचं अर्थिंग एका वाटेने आणि अँपचं दुसऱ्या वाटेने जातं, आणि ऑडिओ केबलने तो वेढा पुरा होतो. ग्राफिक्स कार्ड वीज ओढायला लागलं की त्याची कुरकुर त्याच वेढ्यातून स्पीकरमध्ये उतरते. माझ्याकडेही हेच झालं होतं, मी मूर्खासारखी दोन अँप बदलले.

खात्री करायला केबल पीसीतून काढून फोनला लावा, फोन चार्जिंगला नको. किर्र थांबली तर हेच कारण. आधी पीसी आणि अँप एकाच एक्स्टेंशन पट्टीवर लावून बघा, कधीकधी तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर मदरबोर्डच्या पाठीला ऑप्टिकलचं चौकोनी भोक आहे का बघा. तोशिबाने १९८३ साली ती पद्धत काढली, तिच्यात तारेऐवजी प्रकाश जातो, त्यामुळे वेढा तुटतोच. त्यासाठी पुढे एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नल अँपला चालेल असा करून देणारी डबी) लागेल, ऑप्टिकल इनपुटवाला. यूएसबीचा घेतलात तर तारेतून किर्र पुन्हा यायची शक्यता राहते.

चार्जरच्या अर्थिंगची दांडी मोडून टाका असा सल्ला नेटवर मिळेल. तो अजिबात ऐकू नका.

-----

> माझ्याकडेही हेच झालं होतं

मंडळाच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर (ऑडिओ केबलमध्ये बसून वेढा तोडणारी डबी) आहे, निळ्या पिशवीत. स्वस्तातला आहे, बास थोडा खातो, पण डॅक येईपर्यंत चालेल. ताई, घेऊन जा. आणि स्पीकर भिंतीला टेकवलेले नाहीत ना? मागे भोक असेल तर निदान वीतभर पुढे घ्या, आणि ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला येईल असे खाली काहीतरी देऊन तिरपे करा. जाडजूड दिवाळी अंकही चालतात.

-----

फोन लावला, किर्र बंद. एका पट्टीवर लावून कमी झाली, गेली नाही. ऑप्टिकलचं भोक आहे, त्यात धूळ जाऊ नये म्हणून बूच होतं, ते चिरंजीवांनी पीसी जोडताना फेकून दिलंय. डॅक मागवला.

आयसोलेटर काल नेला. बास खातो हे मुलाला न सांगताच कळलं, "काहीतरी पातळ झालंय" म्हणाला. काका, शनिवारच्या तालमीला तो लागणार असेल तर कळवा, सकाळी आणून देते. आणि दादा, स्पीकरच्या जाळ्या तुमच्याकडेच राहिल्यात का? आमच्या खोक्यात एकच आली.