ऑफशोअर (ढिल्या नियमांच्या परदेशातल्या) परवान्याच्या फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाच्या सौद्यांच्या, ब्रोकरकडे पैसे ठेवावेत का?

कोथरूडकर: जाहिरातीत ब्रिटनच्या एफसीएचं (तिथल्या वित्तीय नियामकाचं) नाव, पण भारतातून खातं उघडलं की करार होतो सेशेल्स, वानुआतू नाहीतर सेंट व्हिन्सेंटमधल्या कंपनीशी. ब्रँड तोच, कंपनी वेगळी. सेंट व्हिन्सेंटचा नियामक तर फॉरेक्स ब्रोकरला परवाना देतच नाही. तिथे नुसती कंपनी नोंदवतात आणि तो नोंदणी क्रमांक परवाना म्हणून छापतात. करारनाम्यातलं कंपनीचं पूर्ण नाव घ्या आणि नियामकाच्या नोंदवहीत शोधा. नाव, परवाना क्रमांक आणि वेबसाइटचा पत्ता, तिन्ही जुळायला हवेत. पत्त्यात एक अक्षर जास्त असलं तरी ती नक्कल समजा. माझं मत स्पष्ट आहे, असल्या खात्यात पैसे ठेवू नयेत.

पिपमोजणी: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. सेशेल्सचा डीलर परवाना खरा असतो. आणि कडक नियामक असला म्हणजे ब्रोकर बुडत नाही असं कुठे आहे? १५ जानेवारी २०१५ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा सोडली आणि अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी बुडाली, तीही एफसीएच्या देखरेखीखालची. शिवाय ब्रिटन-युरोपात सामान्य ग्राहकाला लिव्हरेज फार तर १:३०, म्हणजे एक डॉलर ठेवून तीस डॉलरांचा सौदा. युरो-डॉलर १.१० असताना एका लॉटला (एक लाख युरोच्या सौद्याला) ३,६६७ डॉलर मार्जिन, म्हणजे तारण रक्कम, लागतं. छोट्या माणसाने करायचं काय?

कोथरूडकर: अल्पारीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती बुडाल्यावर पात्र ग्राहकांना ब्रिटनच्या भरपाई योजनेचं ५०,००० पौंडांपर्यंत संरक्षण होतं. सेंट व्हिन्सेंटची कंपनी बुडाली तर दाद कोणाकडे मागणार? आता लिव्हरेज. १:५०० ला तोच लॉट २२० डॉलरांत मिळतो. खात्यात ४०० डॉलर आणि स्टॉप-आउट (ब्रोकर सौदा बंद करतो ती पातळी) मार्जिनच्या ५० टक्क्यांवर असेल, तर शिल्लक ११० वर येताच सौदा आपोआप कापला जातो. म्हणजे २९० डॉलरांचा तोटा, फक्त २९ पिप (पिप म्हणजे भावातला ०.०००१चा फरक, एका लॉटला १० डॉलर). अमेरिकेतले रोजगाराचे आकडे आले की एवढी हालचाल काही मिनिटांत होते. आणि अख्खा लॉट घ्यायची सक्ती कोणी केली आहे? ०.०१ लॉटला १:३० नेही ३७ डॉलर पुरतात.

चलनवाट: भारतात राहणाऱ्यांसाठी मूळ प्रश्न फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) आहे, आणि तो एफसीएचा ब्रोकर घेतला तरी सुटत नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण परदेशी ब्रोकरचं मार्जिन भरायला नाही. कलम १३ खाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. यूपीआयने पैसे भरताना नाव भलत्याच दुकानाचं दिसलं तर तिथेच थांबा. काढलेले पैसेही अशाच अनोळखी खात्यांतून येतात. त्यातल्या एखाद्या खात्यावर सायबर तक्रार असली की तुमचं बँक खातं गोठतं, मग पोलीस आणि बँक यांच्यात हेलपाटे. रिझर्व्ह बँकेची अनधिकृत फॉरेक्स कंपन्यांची सावधगिरी यादी जरूर पाहा, पण यादीत नाव नाही म्हणजे ब्रोकर अधिकृत, असं समजू नका.

पिपमोजणी: यूपीआयचं पटलं. पण ३ मे २०२४ पासून एनएसईवर डॉलर-रुपयासारख्या जोड्यांतही खरी चलन-जोखीम (परकीय चलनातलं खरं देणंघेणं) असावी लागते. रुपयावर सट्ट्यासाठी देशात वाटच उरली नाही, म्हणून लोक बाहेर बघतात. आणि लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला फेमाची ही अडचण नाही, त्याने जास्त लिव्हरेज का घेऊ नये?

कोथरूडकर: कारण त्याला ब्रोकरकडूनच मेल येतो, 'आमच्या आंतरराष्ट्रीय कंपनीत खातं हलवा, १:५०० मिळेल.' होकार देताच नवा करार लागू होतो. त्या दिवसापासून ब्रिटनची भरपाई योजना सुटते, आणि खातं उणे गेलं तर भरावं लागणार नाही ही कायद्याची हमीही जाते. नव्या करारात तसं कलम आहे का, हे होकाराआधी शोधा. नसेल तर फ्रँकसारख्या दिवशी ठेवीपेक्षा जास्त देणं अंगावर येईल.