मदत हवी आहे: नवीन सदस्यांच्या वैयक्तिक पानांसाठी न्याय्य नियम कसा लिहावा?

नमस्कार मंडळी,

इथे विकिपीडियावर वर्षानुवर्षं लिहिणारे आणि प्रचालकी (पानं वगळणं, खाती रोखणं अशी देखरेख) केलेले बरेच जण आहेत, म्हणून हा प्रश्न इथे विचारतेय. रविवारी आमची बैठक आहे. त्याआधी सल्ला मिळाला तर फार बरं होईल.

पुण्याच्या जुन्या पेठांची माहिती लोकांनीच लिहावी, असं एक छोटं संकेतस्थळ आम्ही काही जण चालवतो. विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्यावरच आहे. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी शहरात आणलेलं पाणी कुठल्या कुठल्या हौदांत पडायचं, पासोड्या विठोबा आणि डुल्या मारुती या नावांबद्दल जुनी माणसं काय सांगतात, कुठल्या वाड्याच्या जागी काय उभं राहिलं, असं सगळं त्यात आहे. लेखांवरून वाद झाले तरी मिटतात. न मिटणारा वाद आहे तो सदस्यपानांचा, म्हणजे खातं उघडल्यावर माणूस स्वतःबद्दल जे पान लिहितो त्याचा.

मध्यंतरी कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या एका तरुणाने खातं उघडलं. पानाच्या सुरुवातीला घराण्याचा व्यवसाय, मग ‘तांब्याचे बंब, घंगाळं, हंडे ऑर्डरप्रमाणे करून मिळतील’ आणि मोबाइल नंबर. त्याखाली मात्र दोन परिच्छेद मठारकामावर होते. भांडं खुंटावर फिरवत एकेक ठोका आधीच्या ठोक्याला लागून कसा बसवायचा, ठोक्यांनी पत्रा कडक कसा होतो, चकाकी कशी येते आणि हात कुठे चुकला की ओळ कशी वाकडी जाते. हे त्याने लेखात न लिहिता स्वतःच्या पानावर लिहिलं, कारण नव्या माणसाला पहिल्यांदा तेवढीच जागा आपली वाटते.

आमच्या एका सहकाऱ्याने काही मिनिटांत ते पान ‘जाहिरात’ असा शेरा मारून वगळलं. तरुणाला तयार साच्यातला संदेश गेला: आपले पान नियमांचे उल्लंघन करत असल्याने वगळण्यात आले आहे, पुन्हा असे केल्यास खाते रोखले जाईल. तो परत आला नाही. मठारकामावर आमच्याकडे आजही एक ओळ नाही.

सहकाऱ्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाहीये. रात्री जागून सफाई तोच करतो. हिंजवडीजवळचे फ्लॅट, पॅकर्स अँड मूव्हर्स, स्पर्धा परीक्षांचे क्लास अशी खाती रोज उघडली जातात. एक पान, एक लिंक, आणि खातेदार गायब. असली पन्नास पानं उडवल्यावर एक्कावन्नावं पान शांतपणे वाचणं कुणालाही कठीण जाईल.

पण मला खरं टोचतं ते वेगळंच. आमच्या एका ज्येष्ठ सदस्याच्या पानावर त्यांच्या पुस्तकांची यादी आहे, ती कुठे मिळतात ते आहे, ब्लॉगची लिंक आहे. त्यांचं काम मोठं आहे आणि त्या पानाला कुणी हात लावू नये असंच मला वाटतं. मग तांबट आळीतल्या मुलाला वेगळा न्याय का? त्याने अजून काही लिहिलेलं नाही म्हणून? त्याला लिहू तरी कुठे दिलं आपण?

शिवाय भाषा पंधरवड्यात एका कॉलेजात कार्यशाळा घेतली, तेव्हा मुलांनी पहिला सराव म्हणून आपापली पानं लिहिली. कुणी दहावीचे गुण टाकले, कुणी इन्स्टाग्राम, कुणी घरचा पत्ता. यातलं काय ठेवायचं आणि काय तातडीने काढायचं? पान वगळण्याआधी मुदत द्यावी का, आणि किती? जुन्या आणि नव्या सदस्यांना एकच कसोटी कशी लावायची?

— धागाकर्ती

प्रतिसाद

ताई, आधी एक तांत्रिक गोष्ट करा, निम्मा ताण तिथेच उतरेल. मीडियाविकीमध्ये प्रत्येक नामविश्वासाठी, म्हणजे लेख, सदस्यपानं अशा पानांच्या प्रत्येक गटासाठी, शोधयंत्रांना वेगळी सूचना देता येते. सगळी सदस्यपानं शोधयंत्रांच्या यादीत येऊ नयेत, असं ठरवून टाका. बाहेरच्या लिंकांना ‘नोफॉलो’, म्हणजे ही लिंक मोजू नका अशी शोधयंत्रांसाठीची खूण, मीडियाविकी स्वतःहूनच लावतं. इंग्रजी विकिपीडियाने २००७ च्या जानेवारीत ते सरसकट लागू केलं. क्लासवाल्याला हवा असतो गुगलमधला फायदा. तो मिळायचा बंद झाला की त्याचं पान दोन दिवस राहिलं तरी तुमचं काही बिघडत नाही. मग काही मिनिटांत उडवायची घाई कशासाठी?

कसोटीबद्दल माझं मत असं की पान न पाहता ओळ पाहावी. नंबर आणि ‘ऑर्डरप्रमाणे’ ही ओळ काढली की त्या मुलाचं पान निर्दोष होतं. फ्लॅटवाल्याच्या पानातून जाहिरात काढली तर खाली काहीच उरत नाही. काही उरत असेल तर पान राहील, नाहीतर जाईल. हे ज्येष्ठांनाही लावा: पुस्तकांची यादी राहील, विकत कुठे मिळतात ते जाईल. इंग्रजी विकिपीडियावरही सदस्याने स्वतःबद्दल थोडंफार लिहायला पूर्ण मुभा आहे. वादग्रस्त सदस्यपानांवर तिथे साधारण सात दिवस चर्चा चालते, उघड जाहिरात मात्र लगेच वगळतात.

पत्ता आणि नंबर यांचं वेगळं आहे, तिथे मुदत देऊ नका. आणि पानावरून नुसतं पुसलं तर इतिहासात तो दिसतच राहतो, हे बरेच प्रचालक विसरतात. ती जुनी आवृत्तीच लपवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे, म्हणजे अकरावी-बारावीची बहुतेक मुलं त्यात येतात. पुढच्या कार्यशाळेत पहिला सराव धूळपाटीवर (सरावासाठीच्या पानावर) हौदाबद्दल किंवा देवळाबद्दल द्या, स्वतःबद्दल नको.

आणि ते वगळलेलं पान गेलेलं नाही. मीडियाविकीत वगळलेला मजकूर प्रचालकांना दिसतो आणि परत आणता येतो. आजच आणा.

प्रतिसाद

थोडं विरुद्ध बोलतो. सफाई करणाराही स्वयंसेवकच आहे. प्रत्येक पान ओळ-ओळ वाचा म्हणणाऱ्यांनी आठवड्यातून एक रात्र स्वतः पहाऱ्याला बसावं, मगच नियम करावा.

प्रतिसाद

वरचं मान्य, पण या घाईची किंमतही मोजली गेलेली आहे. ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास वाचा. इंग्रजी विकिपीडियावरचे सक्रिय संपादक २००७ नंतर कमी का होत गेले, याचा तो शोध आहे. चांगल्या हेतूने येणाऱ्या नवख्यांचं प्रमाण फारसं घसरलं नव्हतं, पण त्यांचं काम नाकारलं जाण्याचं प्रमाण वाढलं होतं, आणि त्यात स्वयंचलित साधनांचा व साचेबद्ध संदेशांचा मोठा हात होता. पहारा हवाच. फक्त संदेश माणसाने लिहिलेला असावा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शोधयंत्रांची सूचना आज बदलून घेतली. तांबट आळीचं पान परत आणलंय, नंबर असलेली आवृत्ती लपवलीय. पहाऱ्याच्या रात्री वाटून घ्यायचं बैठकीत मांडते, माझी शुक्रवारची. एक मुद्दा मात्र सुटत नाहीये: वगळण्याविरुद्धची तक्रार कोण ऐकणार? आम्ही प्रचालक तिघंच. वगळणारा सोडून उरलेल्या दोघांपैकी कुणीतरी, एवढं सध्या लिहून ठेवलंय. कुणाकडे याहून चांगली व्यवस्था असेल तर सांगा.

त्या मुलाला पाठवायच्या संदेशाचा मसुदाही देते:

‘नमस्कार. तुमचं पान आम्ही घाईने वगळलं होतं, ते परत आणलं आहे. मोबाइल नंबर आणि ऑर्डरची ओळ तेवढी काढली आहे, कारण इथे कुणाच्याच पानावर विक्रीची माहिती ठेवत नाही. मठारकामाबद्दल तुम्ही लिहिलंय ते आमच्याकडे दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. त्याचा स्वतंत्र लेख कराल का? सुरुवातीची मांडणी मी करून देईन. काही पटलं नसेल तर इथेच खाली लिहा, उत्तर मीच देईन.’

यात कुठे हुकमी सूर लागतोय का? रात्री पाठवणार आहे.