लोंबीतच मोड आलेलं भात

मावळातल्या इंद्रायणी तांदळाचा भात यंदा शिजवल्यावर गिचगोळा होतोय, आणि तो तांदूळ नवा असल्यामुळे, असं काही जण म्हणतात. इंद्रायणी मुळात चिकटच, पण कारण तेवढंच नसावं. परतीच्या पावसात भात आडवं पडून ओलं राहिलं की लोंबीतच मोड येतात. अंकुरातून जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक सुटतं, त्यामुळे दाण्याच्या बाहेरच्या थरात अल्फा-अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते स्टार्च तोडून साखर करू लागतं. कोंब डोळ्यांना दिसण्याआधीच हे सुरू झालेलं असतं! असा दाणा ठिसूळ होतो, गिरणीत कणी वाढते आणि शिजवल्यावर गिचका होतो. तुटलेलं स्टार्च तांदूळ जुना करून परत जुळत नाही. म्हणून पुण्यात वर्षाचा तांदूळ भरताना आधी अर्धा किलो आणून शिजवून बघाच.