ओळखून न ओळखणं : कानाडोळा की काणाडोळा?

माटोळी
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी व्हेनिसवरच्या लेखाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यापाशी चार दिवस गाडी अडलीय. अठराव्या शतकात तिथे लोक वर्षातले कित्येक महिने मुखवटे घालून हिंडायचे. त्यातला एक बाउता, पांढरा मुखवटा, वर तिकोनी टोपी, अंगावर काळा झगा, आणि मुखवट्याचा खालचा भाग पुढे आलेला म्हणून तो न काढता खाता-पिता यायचं. आता समोरचा कोण आहे हे चालीवरून, आवाजावरून, अंगठीवरून कळणारच ना, पण नावाने हाक मारायची नाही. 'सिओरा मास्केरा' म्हणायचं, म्हणजे मुखवटेबाई, आत बाप्या असला तरी.
मी लिहिलं, 'सगळे कानाडोळा करत.' संपादकांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे 'काणाडोळा' असं दुरुस्त केलं, आणि दुसरं, समासात लिहिलं की शब्दच चुकलाय, कानाडोळा चुकीकडे करतात, माणसाकडे नाही. मी फोंड्यात जन्मभर कानाडोळाच ऐकलाय. तर प्रश्न दोन, न की ण, आणि हा नाही तर कुठला शब्द?

ऱ्हस्वदीर्घ
काणाडोळा. संस्कृत काण म्हणजे एका डोळ्याने आंधळा, त्याचा मराठीत काणा. एक डोळा मिटून घेतला म्हणजे हवं तेवढंच दिसतं. कानाचा इथे काही संबंध नाही. संपादक जाणकार दिसतात.

पंचगंगा
संबंध नाही कसा? ऐकून न ऐकल्यासारखं आणि बघून न बघितल्यासारखं, म्हणजे कान आला डोळा आला. आमच्या कोल्हापुरात काणाडोळा म्हटलं तर लोक विचारतील, डोळ्याला काय झालं म्हणून.

ऱ्हस्वदीर्घ
कान आणि डोळा असता तर 'कानडोळा' झालं असतं. मधला 'ना' कुठून आणला? ही लोकव्युत्पत्ती आहे, आणि छापून येतंय म्हणून ती खरी होत नाही. मोल्सवर्थचा शब्दकोश वर माळ्यावर आहे, रात्री काढून बघतो आणि सांगतो.

कुळागर
न-ण चं तुम्ही बघून घ्या. पण संपादकांचा दुसरा मुद्दा मला पटतो, का ते सांगतो.
आमच्या शेजारी किरिस्तांव कुटुंब. नाताळला त्यांच्याकडून कोंसुआदाचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट यायचं, बेबिंका, दोदोल, नेवऱ्या, वर क्रोशाचा रुमाल. आजी आमची कडक सोवळ्याची. ती ताट दोन्ही हातांनी घ्यायची, 'देव बरें करूं' म्हणायची आणि स्वयंपाकघरात न नेता सोप्यावरच्या बाकावर ठेवायची. आम्ही पोरं तिथेच फडशा पाडायचो. आजी कण खायची नाही. शेजारणीला हे माहीत होतं, म्हणजे माहीत असणारच, दोन घरांत एक हातभर गडगा. पण तिने आजीला 'बेबिंका कशी झाली' असं एकदाही विचारलं नाही. विचारायची आम्हाला, आजीच्या देखत. मग एका वर्षी ताटाच्या बाजूला वेगळ्या पानात गुंडाळून रसबाळी केळ्यांची फणी आली. आजीने त्यातलं एक केळं तिच्यासमोर उभ्या उभ्या सोलून खाल्लं. बस. त्यानंतर दरवर्षी केळी. ह्यावर दोघींमधे एक शब्द झाला असेल तर शपथ. आणि त्यांचं ताट आमच्याकडून कधी रिकामं परत गेलं नाही, निदान मूठभर साखर तरी असायची.
आता ह्याला कानाडोळा म्हणाल? कानाडोळ्यात दुसऱ्याचं काहीतरी चुकलेलं असतं आणि आपण मोठ्या मनाने सोडून देतो. इथे कोण चुकलं? आजी ह्याला भीड म्हणायची. 'तिका म्हजी भीड आसा, म्हाका तिची.'

आबोली_म्हापसा
कुळागरबाब, गोष्ट वाचून डोळ्यात पाणी आलं पण शब्द भीड नव्हे हो. भीड म्हणजे 'नाही' म्हणता न येणं. भीड भिकेची बहीण उगीच म्हणतात का? भिडेपोटी माणूस उसने पैसे देतो आणि मग स्वतःच मागायला लाजतो. तुमच्या आजीचं ते पाचपोच असणं. काय बोलायचं, कुठे थांबायचं, हे न सांगता कळणं. माझ्या आईचा सगळ्यात मोठा शिवीशब्द 'पाचपोच नाही मेलीला' हाच होता.

कुळागर
तुमच्याकडची भीड भिकेची बहीण असेल, आमच्याकडची मानाची बहीण.

निळी_टिक
पाचपोच मध्ये पाच काय आहे?

पंचगंगा
पाच ठिकाणी ज्याची पोच तो. घर, गाव, देऊळ, बाजार, कचेरी.

ऱ्हस्वदीर्घ
ही यादी तुम्ही आत्ता बनवलीत.

पंचगंगा
हो. पण छान आहे की नाही?

आबोली_म्हापसा
मला वाटतं पाच नुसता जोडीला आलाय, अघळपघळ सारखा. एकटा 'पोच'सुद्धा चालतोच की, 'त्याला पोच नाही'.

निळी_टिक
आमच्या ग्रुपमधे हे रोज चालतं. एकीचं ब्रेकअप झालं, तिने डीपी बदलला, दोघांचे जुने फोटो उडवले, सगळ्यांना कळलं. पण ती स्वतः सांगेपर्यंत कुणी विचारायचं नाही. भेटल्यावर फक्त 'चहा घेणार का', आणि त्या दिवशी टीटीएमएम नाही, बिल दुसऱ्या कुणीतरी गुपचूप द्यायचं आणि तिनेही का दिलंस म्हणून वाद घालायचा नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. नवीन आलेल्या एकाने तिला सरळ विचारलं 'काय झालं गं तुमचं' तर पाच जणांनी टेबलाखालून त्याला लाथ मारली, त्यातली एक चुकून तिलाच लागली आणि ती हसायला लागली. याला आम्ही 'इग्नोर मारणं' म्हणत नाही हां, इग्नोर मारतात ते रागाने. आम्ही म्हणतो 'माहीत नाही मोड'.

ऱ्हस्वदीर्घ
मोड! मोड मटकीला येतात. 'माहीत नसल्याचा आव' म्हणा, 'बहाणा' म्हणा, 'अनभिज्ञता पांघरणे' म्हणा. मराठीत शब्द नाहीत असं नाही, वापरायचे नाहीत असं ठरलंय.

निळी_टिक
काका, मैत्रिणीला मी 'अनभिज्ञता पांघरली' असं सांगितलं तर ती ब्रेकअप विसरून माझी काळजी करेल. आणि बहाणा मराठी कधीपासून? फारसी ना तो?

ऱ्हस्वदीर्घ
फारसी असला तरी रुळलेला आहे.

निळी_टिक
मग मोड पण रुळेल. थांबा थोडं 😊

दर्यावर्दी
उशिरा आलो. मूळ प्रश्नात मास्केरा आलाय म्हणून माझं आवडतं कोडं टाकतो. मास्क आणि आपली मस्करी एकाच घरच्या आहेत! अरबीत मस्खरा म्हणजे विदूषक, तो फारसीतून आपल्याकडे मस्करा, मस्करी होऊन आला आणि तिकडे समुद्रापलीकडे इटालियनमधे मास्केरा झाला. म्हणजे व्हेनिसचे लोक मुखवटा घालून अक्षरशः मस्करी करत होते.

ऱ्हस्वदीर्घ
अर्धं बरोबर. मस्करीचं मूळ अरबी हे ठीक. मास्केरा अरबीतून आला की लॅटिन मास्कामधून यावर जाणकारांचंच एकमत नाही.

दर्यावर्दी
एकमत नाही म्हणजे माझं चूक हे सिद्ध झालं नाही. घ्या दुसरं. आमचे आजोबा सांगायचे, इंत्रूजात, म्हणजे तुमचा आजचा कार्निव्हल, पोर्तुगीज एन्त्रुदु वरून इंत्रूज, तर तेव्हा चित्ररथ वगैरे भानगड नव्हती. मुखवटे घालून टोळकी मित्रांच्या घरात न सांगता घुसायची आणि कागदाच्या पुड्यांतून पीठ, भुसा, रंग एकमेकांवर फेकायची. त्या पुडीला कार्तूश. आपलं काडतूस तेच, पोर्तुगीज कार्तुशु. घुसणाऱ्याला यजमानाने 'कोण तू' विचारायचं नाही, बसवायचं, काहीतरी प्यायला द्यायचं. आजोबांच्या घरी एकदा स्वतःचा सावकारच मुखवटा घालून आला, बुटांवरून सगळ्यांनी ओळखला. आजोबांनी त्याच्या टाळक्यावर दोन पुड्या जास्त फोडल्या. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेट झाली तर दोघेही 'काल काय, घरीच होतो' म्हणे.

माटोळी
दर्यावर्दी, अगदी हेच! हेच मला एका क्रियापदात हवंय.

आबोली_म्हापसा
नाचांचे नियम हा वेगळाच घोळ. लग्न होऊन म्हापशाला आले त्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातल्यांबरोबर पणजीला कार्निव्हलच्या शेवटच्या रेड अँड ब्लॅक डान्सला गेले. लाल-काळं घालायचं हे नावावरूनच कळत होतं, तेवढी हुशारी केली. पण एका वयस्क गृहस्थांनी नाचायला विचारलं तर मी घाबरून 'पाय दुखतोय' म्हटलं आणि त्याच गाण्यावर नवऱ्याबरोबर उठले. परतल्यावर टेबलावरच्या बायका गप्प. मग एकीने हळूच कानात सांगितलं, एकाला नाही म्हटलं की ते गाणं बसून काढायचं असतं. मी माफी मागायला गेले तर ते गृहस्थ म्हणाले, 'कसली माफी? तुम्ही मला भेटलाच नाहीत अजून,' आणि पुन्हा पहिल्यापासून हात पुढे केला. अजून सांगताना अंगावर काटा येतो.
असल्या नियमांना लोक 'अलिखित नियम' म्हणतात, मला तो शब्द मुळीच आवडत नाही, सरळ इंग्रजीवरून उचललेला. आपल्याकडे कुठला नियम लिखित होता? रीत म्हणा ना.

निळी_टिक
रीत म्हटलं की हळदीकुंकू आठवतं. अलिखित नियम सगळ्यांना कळतो, भाषांतर असलं म्हणून काय झालं. दूरदर्शन पण भाषांतरच आहे.

पंचगंगा
सोंग शब्द कुणीच कसा काढला नाही? आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा, पोलिसाच्या वेषात. खाकी, शिट्टी, हातात कागद, म्हणे तुमच्या नावाचं वॉरंट आहे. वडील आमचे खरोखरचे हवालदार. त्या दिवशी सुट्टीवर, गंजीफ्रॉक आणि लुंगीत दाढी करत बसलेले, अर्ध्या गालाला फेस. बहुरूपी दारात उभा राहून ओरडला, 'चला, उठा, साहेबांनी बोलावलंय'. वडील उठले, फेसासकट कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले 'चूक झाली साहेब'. बहुरूप्याला माहीत होतं हे कोण ते, दरवर्षीचा माणूस. पण त्याने हसू दाबून दोन रुपये दंड केला आणि वडिलांनी तो भरला. आई आत हसून हसून बेजार. तर वडिलांनी जे केलं ते म्हणजे 'सोंगाचा मान राखणं'. माटोळीताई, हे घ्या.

कुळागर
वा. दशावतारात पण तेच, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. सकाळी तोच राजा चहाच्या गाड्यावर भेटतो, पण रात्री त्याच्यासमोर कोणी 'अरे, हा आमचा अमका' म्हणून ओरडत नाही. ओरडलाच तर त्याला पाचपोच नाही. किंवा भीड नाही.

आबोली_म्हापसा
भीड सोडणार नाही तुम्ही.

ऱ्हस्वदीर्घ
'सोंगाचा मान राखणे' चांगलं आहे, पण सोंग शब्दाला ढोंगाचा वास आहे. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही' मधलं सोंग काही मानाचं नाही. व्हेनिसच्या उमरावाला सोंगाड्या करणार का?

दर्यावर्दी
उमराव काय न् काय, मुखवट्यामागे सगळे सोंगाडेच. बाय द वे, न्यूयॉर्कला १९६६ साली २८ नोव्हेंबरला ट्रुमन कपोटी या लेखकाने प्लाझा हॉटेलात काळ्या-पांढऱ्या कपड्यांचा मोठा मुखवटा-नाच दिला होता, तिथे मध्यरात्रीपर्यंतच मुखवटे ठेवायचे होते. म्हणजे न ओळखण्याला घड्याळ लावलेलं. त्यात मजा नाही. माझ्या आजोबांचा सावकार दुसऱ्या दिवशीही 'घरीच होतो' म्हणाला, खरी कला ती.

पेडण्याचो
वरच्या गोष्टींतलं निम्मं बोलणं कोंकणीत झालेलं आहे, भीड पण आमचीच. मग शब्द मराठीत शोधायचा हट्ट कशाला? गोव्यात १९८७ च्या कायद्याने राजभाषा कोंकणी आहे, मराठीला फक्त

कुळागर
बाब, तुमचं वाक्य अर्धं राहिलंय, ते तसंच राहू दे.

आबोली_म्हापसा
अळीमिळी गुपचिळी.

निळी_टिक
माहीत नाही मोड ऑन.

पेडण्याचो
बरं. 🙂 राहिलं.

माटोळी
अय्या, अळीमिळी गुपचिळी! 'सगळ्या शहराची अळीमिळी गुपचिळी होती.' चालेल?

ऱ्हस्वदीर्घ
पोरकट होईल. शिवाय त्यात सगळ्यांनी मिळून काहीतरी पाप लपवल्याचा भाव येतो. मी म्हणेन, 'ओळख पटे, पण कुणी ओळख देत नसे.' ओळख पटणे आणि ओळख देणे, दोन्ही साधे शब्द आहेत.

पंचगंगा
ऱ्हस्वदीर्घकाका, हे तुमचं पहिलं वाक्य जे मला शब्दकोश न उघडता कळलं.

आबोली_म्हापसा
पण 'ओळख देत नाही' हे तक्रारीचं वाक्य आहे ना? मोठा साहेब झाला आणि आता रस्त्यात ओळख देत नाही. त्यात अपमान आहे. माटोळीला हवंय त्यात उलट मान आहे.

माटोळी
हो गं, तेच खुपतंय. 'कुणी कुणाचा मुखवटा मोडत नसे' असं काहीतरी डोक्यात येतंय, भीड मोडतात तसं.

कुळागर
बघा, शेवटी भिडेवरच आलात.

निळी_टिक
कुळागरकाका, कोंसुआदाच्या ताटातल्या नेवऱ्या आणि चवथीच्या नेवऱ्या सेमच असतात का? आमच्याकडे पुण्याच्या मावशीला नेवरी म्हटलं की ती करंजी म्हणून दुरुस्त करते.

आबोली_म्हापसा
तिला सांग करंजी वेगळी. म्हणजे आकार तोच, पण वेगळी.

पंचगंगा
वेगळी कशी? सारण बदललं की नाव बदलतं का? मग पोळीची किती नावं होतील.

कुळागर
आमच्याकडे खोबरं-गूळ, तीळ, वेलची. शेजारणीकडच्यात रवा आणि साखर.

माटोळी
मंडळी, प्रूफ उद्या सकाळी जायचंय. न की ण तेवढं तरी सांगा. ऱ्हस्वदीर्घकाका, मोल्सवर्थ बघितलात का?

ऱ्हस्वदीर्घ
माळ्याची शिडी शेजाऱ्यांनी नेलीय, परत मागायची भीड वाटते.

आबोली_म्हापसा
😂😂 कुळागरबाब, ही कुणाची बहीण?

पंचगंगा
खसखस घालतात का कुणी नेवरीत?