कम्युनिटी कॉलेजमधल्या मुलांना पब्लिक हेल्थच्या डिग्रीपर्यंत कसं पोचवायचं? (कॅलिफोर्निया) – सल्ला हवाय

हेवर्डची_सुलभा
नमस्कार मंडळी. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं कॉलेज, इथून ट्रान्सफर होऊन पुढे युनिव्हर्सिटीत बॅचलर्स पूर्ण करता येते) आठवड्यातून दोन संध्याकाळी स्टॅटिस्टिक्सची शिकवणी घेते, पगार नाही, आवड म्हणून. येणारी बहुतेक मुलं घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली, मेक्सिकन, ग्वाटेमालाची, फिलिपिनो, ब्लॅक, दिवसा नोकरी आणि रात्री क्लास. त्यातल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीनं परवा वहीऐवजी मोबाईलवरचा फोटो दाखवला, आजीच्या गोळ्यांच्या कागदाचा. कागद इंग्रजीत, आजीला फक्त स्पॅनिश येतं, म्हणून हिनं प्रत्येक गोळीपुढे पेनानं सूर्य नाहीतर चंद्र काढलाय, सकाळची आणि रात्रीची. आजीचं डायलिसिस चालू आहे. मला म्हणाली, आमच्या एका गल्लीत चार घरांतून लोक डायलिसिसला जातात, असं का होत असेल? अहो हाच तर पब्लिक हेल्थचा, म्हणजे सगळ्या वस्तीच्या आरोग्याचा, प्रश्न आहे ना! पण तिला फक्त नर्सिंग ठाऊक, तिथे जागा मिळेना म्हणून कॉलेजच सोडायचं म्हणतेय. कुठून सुरुवात करू सांगा. पैसे, ट्रान्सफर, पुढे नोकरी, सगळंच हवंय.

फ्रेस्नोकर
ताई, आधी असिस्ट डॉट ऑर्ग उघडा, सरकारी साईट आहे, तुमच्या कॉलेजातला कोणता कोर्स कुठल्या यूसी किंवा सीएसयूला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, राज्याच्या दोन युनिव्हर्सिटी सिस्टीम) चालतो ते तिथे विषयवार दिसतं. दुसरं म्हणजे एडीटी, असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, पब्लिक हेल्थ सायन्समध्ये सुद्धा आहे, पण प्रत्येक कॉलेजात नसते तेव्हा कॅटलॉग बघा. ती पूर्ण केली की सीएसयू सिस्टीममध्ये जागा नक्की (आवडीच्याच कॅम्पसला मिळेल असं नाही हं) आणि त्याच्याशी जुळणारा मेजर (मुख्य विषय) घेतला तर तिथे आणखी ६० युनिटमध्ये (क्रेडिटमध्ये) बॅचलर्स होते. यूसीकडे जायचं असेल तर टॅग (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, म्हणजे अटी पूर्ण केल्या की प्रवेशाची हमी) बघा, सहा कॅम्पसला आहे, त्यातल्या अर्वाइन आणि मर्सेडला पब्लिक हेल्थ शिकवतात, मेजरच्या अटी मात्र वाचून घ्या. बर्कली, एलए, सॅन डिएगोला टॅग नाही. टॅगचा अर्ज सप्टेंबरातच भरायचा असतो, पोरांना ऑक्टोबरात कळतं आणि वर्ष जातं.

सॅनहोजे_मी
मी स्वतः या वाटेनं आलेय म्हणून लिहितेय. सतराव्या वर्षी आईबाबांबरोबर आले, बाबा मोटेलवर रात्रपाळी करायचे, मी कम्युनिटी कॉलेजात. ऑफिसात जे कोणी बसले होते (कॉलेजचं नाव घेत नाही) त्यांनी मला गणिताचा असा कोर्स दिला जो ट्रान्सफरला धरतच नव्हते, दोन सेमिस्टर गेली आणि मला वाटत राहिलं मीच ढ आहे. आता एबी ७०५ या राज्याच्या कायद्यामुळे मुलांना थेट ट्रान्सफरच्या स्टॅट्समध्ये बसता येतं, त्यासोबत आधाराचा क्लास सुद्धा मिळतो. सुलभाताई, तुम्ही स्टॅट्सच शिकवता, याहून मोठी मदत कुठली? पब्लिक हेल्थमध्ये तोच विषय कामाला येतो. आणि त्या मुलीचे सूर्य चंद्र अर्जाच्या निबंधात यायलाच हवेत, तिला सांगा "मला लोकांची सेवा करायचीय" असलं काही लिहू नको, आजीचा कागद आणि ती चार घरं लिही.

पैशाचं_बोला
पैशाचं मी सांगतो. कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर, पण कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट मिळाली की ती माफ. त्यावर पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची परत न करायची मदत, २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, ते पुस्तकं, बस, घरभाडं याला वापरता येतात. ज्यांच्याकडे इथे राहण्याचे कायदेशीर कागद नाहीत त्यांनी फाफ्सा (केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज) भरायचा नाही, कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा वेगळा अर्ज आहे आणि एबी ५४० च्या अटींत बसलं तर फी राज्यातल्या मुलांइतकीच, हा कायदा २००१ चा आहे तरी अजून घराघरात माहीत नाही. या मुलांना खोदून खोदून विचारू नका, दोन्ही अर्ज सगळ्या वर्गाला एकदमच सांगा म्हणजे कोणाला हात वर करावा लागत नाही. आणि ईओपीएस, कमी उत्पन्नाच्या मुलांसाठीचा कॉलेजातलाच मदत कार्यक्रम! १९६९ पासून आहे, स्वतःचा काउन्सेलर मिळतो, पुस्तकांना मदत होते, फक्त सहसा सेमिस्टरला १२ युनिट घ्यावी लागतात. प्युएन्ते आणि उमोजा या ट्रान्सफरला आधार देणाऱ्या कार्यक्रमांचंही विचारा.

काळजीवाहू
सगळं खरं पण नोकरीचं काय? २०२५ च्या मार्चमध्ये केंद्राने राज्यांचे आरोग्याचे सुमारे ११ अब्ज डॉलर मागे घेत असल्याचं जाहीर केलं, काउंट्यांमध्ये माणसं कमी झाली. गरीब घरच्या मुलीला या वाटेला लावताना मला धास्ती वाटते.

फ्रेस्नोकर
@काळजीवाहू, धास्ती बरोबर आहे, मी काउंटीच्या आरोग्य खात्यातच आहे. म्हणून नुसती डिग्री नको, हातात काहीतरी हवं. कम्युनिटी हेल्थ वर्करचं (वस्तीत जाऊन लोकांना आरोग्यासाठी मदत करणाऱ्याचं) सर्टिफिकेट सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजसारख्या ठिकाणी मिळतं, आणि १ जुलै २०२२ पासून मेडी-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांचा राज्याचा आरोग्य विमा) या कामाचे पैसे देतं, म्हणजे शिकता शिकता कमाई होऊ शकते. ही मुलगी ते काम फुकटात करतेच आहे की. दुसरं, केमिस्ट्री बायोलॉजी टाळू देऊ नका, पुढे काउंटीचं पर्यावरण आरोग्य निरीक्षक व्हायचं तर मूळ विज्ञानाची ३० युनिट मागतात, हॉटेलं तपासणं, पाण्याचे नमुने वगैरे. आमच्या सेंट्रल व्हॅलीत दमा, व्हॅली फीवर (मातीतल्या बुरशीनं होणारा फुफ्फुसाचा आजार), शेतातली फवारणी, आणि घरात जाऊन स्पॅनिशमध्ये बोलणारी माणसं कमी, अशी पोरं आम्हाला खरंच हवीत.

हेवर्डची_सुलभा
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळे भरून आले. आज तिच्याशी बोलले, गुरुवारी असिस्ट उघडून बसायचं ठरवलं होतं तर म्हणाली गुरुवार नको, आजीचं मंगळ-गुरू-शनि डायलिसिस असतं आणि गाडी तीच चालवते. म्हणजे ईओपीएसची १२ युनिट सोमवार, बुधवार, शुक्रवारमध्ये बसवायची आहेत. ऑनलाईन स्टॅट्स आणि रात्रीची बायोलॉजी लॅब असं कोणी जमवलंय का, सांगा. शुक्रवारी भेटतोय आम्ही.